निवडणूक लढवावी की संघटना बांधावी?

पालिकेच्या निवडणुकीचा वारा सुटला की आपल्या विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. आपला माणूस उभा करायचा की नाही? एक बाजू म्हणते, बाबासाहेबांनी सत्तेला गुरुकिल्ली म्हटले आहे, किल्ली हातात नसताना कुलपावर डोके आपटून काय मिळणार? दुसरी बाजू म्हणते, आजवर जे जे किल्ली आणायला गेले ते वस्तीत परत आलेच नाहीत. आवाज चढतात, चहा निवतो आणि बैठक पुढच्या रविवारवर जाते.

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा याच प्रश्नावर लिहावे असे ठरवले. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारे लोक. राज्यशास्त्र बी. ए.ला जेवढे शिकलो तेवढेच. पण हा प्रश्न केवळ आपल्या वस्तीचा किंवा केवळ रिपब्लिकन चळवळीचा नाही, लाल बावट्याखाली काम करणाऱ्यांनाही तो शंभर वर्षांहून अधिक काळ छळतो आहे, आणि त्यातला एक मोठा अध्याय आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडला आहे, एवढे वाचनातून कळले.

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा लागते. लोक तेथे गणपतीला जातात. जानेवारी १९४५ मध्ये याच टिटवाळ्याला महाराष्ट्रातील किसान सभेचे अधिवेशन भरले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे त्याचे प्रमुख संघटक. त्या अधिवेशनाला उंबरगाव भागातून काही वारली आदिवासी आले होते, त्यात माह्या धांगडा नावाचा एक वारली होता. त्यांच्या मुलखात जमीनदार आणि सावकार यांच्याकडे वेठ करावी लागे, म्हणजे मजुरी न घेता राबायचे. दुसरा प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही सावकाराचे गडी होत, आणि ते कर्ज कधी फिटतच नसे. टिटवाळ्याला ही माणसे आपले गाऱ्हाणे सांगून गेली, आणि पाठोपाठ परुळेकर त्यांच्या पाड्यांवर गेले.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद झाली, सुमारे पाच हजार माणसे जमली. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही. मार खायचा नाही. एकजूट ठेवायची. पुढे गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी आली. आमच्या मते या चळवळीचे सारे मर्म या आकड्यांत आहे. पाड्यावरच्या बाईला ‘शोषण’ हा शब्द माहीत नव्हता, परंतु पाचशे पौंड म्हणजे किती भारे हे तिच्या पाठीला माहीत होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यात जेठ्या गांगड होता. तरी संप मोडला नाही, आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथांची कंबर त्या दोन वर्षांत मोडली. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले आहे. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या अभ्यासिकेत त्याची एक प्रत आहे, पाने सुटली आहेत, जपून हाताळावी.

आता लक्षात घ्या, १९४५ साली त्या पाड्यांवर जवळजवळ कोणालाच मताचा अधिकार नव्हता. मत देण्यासाठी शेतसारा किंवा शिक्षण यांची अट होती. म्हणजे ही लढाई मतपेटीशिवायच लढावी लागली आणि ती बऱ्याच अंशी जिंकली गेली. नंतर प्रौढ मतदान आले. १९५७ साली ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती हे खरे, पण त्या लाटेखाली बारा वर्षांची बांधणी होती.

शामरावांविषयी आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांना ठाऊक नसते. हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. बाबासाहेबांनी तो पक्ष १९३६ साली काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात त्याचे चौदा उमेदवार निवडून आले, त्यात काही सर्वसाधारण जागांवरचेही होते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर होण्याइतके बळ नव्हते. म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चाल करून आले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईतील कामगारांचा एक दिवसाचा संप झाला आणि त्यात निळे व लाल निशाण एकत्र होते. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, दोन्ही हात एकाच वेळी चालत होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. बारा वर्षे लागली.

येथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात सत्याग्रहासारखे मार्ग सोडायला सांगितले होते. सांगितले होते, पण त्यामागचा युक्तिवाद पाहिला पाहिजे. घटनात्मक मार्ग खुले असताना इतर मार्गांना समर्थन उरत नाही, असे ते म्हणत होते. मार्ग खुला आहे की नाही हे मात्र गावच्या गायरानावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. त्यांचेच सहकारी दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले, आणि खासदार असतानाच १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून दुसरा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली असे सांगितले जाते. आमचे आजोबा त्यांतले एक. नगर जिल्ह्यातून गेले होते, एकवीस दिवस आत राहिले. आम्ही लहानपणी विचारायचो, आजोबा, तुम्हाला जमीन मिळाली का? ते म्हणायचे, मला नाही, पण गावात पाच घरांना मिळाली. आणि मग त्या पाच घरांची नावे घ्यायचे, एकही नाव न चुकता.

रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला झाली आणि दोन वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे दोन गट पडले. वरकरणी भांडण घटनात्मक मार्ग की रस्त्यावरचा लढा असे होते, खाली पुढारीपणाचे होते. १९६७ साली काँग्रेसशी समझोता झाला आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत गट वाढत गेले. त्याची सविस्तर कहाणी या स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहे, उगाळण्यात अर्थ नाही. एकच सांगतो. १९९८ साली ऐक्य झाले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार खासदार एका वेळी निवडून आले, तेही सर्वसाधारण जागांवरून. तेरा महिन्यांनी लोकसभा बरखास्त झाली आणि ऐक्यही तेवढेच टिकले. त्याला जोडून ठेवणारी वस्तीतली संघटना नव्हती, जागावाटप होते.

याच्या अगदी उलट टोकाला बहिष्काराची वाट आहे. रशियात १९०६ सालच्या पहिल्या ड्यूमावर बोल्शेविकांनी बहिष्कार टाकला होता. तो निर्णय चुकला हे लेनिनने पुढे स्वतःच मान्य केले. आपल्याकडे १९६९ साली स्थापन झालेल्या मार्क्सवादी-लेनिनवादी पक्षाने निवडणुकीचा मार्गच नाकारला. त्यातला एक प्रवाह बिहारमध्ये १९८२ पासून इंडियन पीपल्स फ्रंटच्या रूपाने उघड राजकारणात आला आणि १९८९ साली आरा येथून त्यांचा खासदार निवडून आला. दुसरे प्रवाह जंगलातच राहिले आणि तेथल्या आदिवासींना दोन बंदुकांच्या मध्ये राहावे लागले, असे आमचे मत आहे.

आपल्या पँथरनेही बहिष्कार पुकारला होता. जानेवारी १९७४ ची मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. तेथील खासदार रा. धों. भंडारे, एके काळचे रिपब्लिकन आणि नंतर काँग्रेसवासी, राज्यपाल झाल्यामुळे जागा रिकामी झाली होती. दलितांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ पँथरने मतदानावर बहिष्कार घाला असे सांगितले. ५ जानेवारीला वरळीच्या सभेत दंगल उसळली, १० जानेवारीला मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. म्हणजे मत न देणे हेही निकाल फिरवणारे मतच ठरले. आमचे काका त्या सभेला होते. ते सांगत, त्या महिन्यात बीडीडी चाळीतला पोरगासुद्धा राजकारण बोलायला लागला होता. पण त्याच वर्षी पँथर फुटली. मार्क्स की बुद्ध, असा तो वाद म्हणून ओळखला जातो. आमच्या अल्पमतीला वाटते की शाखा-शाखांत नियमित वर्गणी, हिशेब आणि निवडून दिलेली कार्यकारिणी असती तर हा वाद बैठकीतच मिटला असता. हे म्हणणे बँकवाल्याचे आहे, सोडून द्यावे वाटल्यास सोडून द्यावे.

वडिलांचा अनुभव तिसरा. ते गिरणीत साचे चालवायचे आणि कल्याणहून पहाटेची गाडी पकडायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप फुटला, तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. पण १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, मुंबईतून डॉक्टरसाहेब लोकसभेवर निवडून आले. वडिलांचे मत कल्याणला, तरी प्रचाराला ते परळला गेले होते. त्या रात्री घरी पेढे आले. नोकरी मात्र परत आली नाही. आई नंतर बरीच वर्षे म्हणायची, साहेब दिल्लीला गेले आणि आपण वॉचमनकीला.

मग निवडणूक फुकट का? तसे म्हणता येत नाही. डहाणू-तलासरी भागात, जो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, लाल बावट्याचे आमदार पुन्हा पुन्हा निवडून येतात, २०१९ आणि २०२४ साली विनोद निकोले आले. याच संघटनेच्या लोकांनी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत वनजमिनीचे दावे मागितले. मोर्चा ठाण्याला आला तेव्हा आम्ही चार जण पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाईच्या टाचा फुटलेल्या पाहिल्या. दहावीच्या मुलांना परीक्षेला त्रास नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्री चालून काढला, हे सर्वांना आठवत असेल. त्या मोर्चात जे. पी. गावित हे त्यांचे आमदारही होते. वनहक्काचा कायदा २००६ चा, संसदेतच झाला. कायदा संसद करते, पण तो अंमलात आणायला टाचा फोडून घ्याव्या लागतात.

त्याच जिल्ह्यात निवडणुकीवर मुख्य भर न देता काम करणारेही झाले. १९७८ पासूनची कष्टकरी संघटना, १९८२ पासूनची विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना. श्रमजीवीने वेठबिगार सोडवले. पंडित २००९ साली वसईतून अपक्ष आमदार झाले आणि २०१४ साली पडले. आमदारकी पाच वर्षे टिकली. संघटना त्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. पडल्यावर परत यायला जागा असणे ही मोठी गोष्ट आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ ची आणि तिची पहिली निवडणूक १९९५ ची. २०१५ साली एकशे बावीस प्रभाग होते आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. म्हणजे एका प्रभागात दहा हजारांच्या आसपास माणसे. आपली वस्ती चारशे घरांची. सगळी मते एकाच पेटीत पडली तरी आपण एकटे निवडून येत नाही, दुसऱ्या वस्त्यांकडे जावेच लागते. तेथे जायचे दोन रस्ते आहेत. पाणी, गटार, शाळा या प्रश्नांवर वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर काम करायचे, किंवा ऐनवेळी मोठ्या पक्षाचे तिकीट घ्यायचे. पहिला रस्ता लांबचा म्हणून बहुतेक जण दुसरा धरतात. त्यात आरक्षणाची सोडत दर निवडणुकीला फिरते. पाच वर्षे ज्याने प्रभाग सांभाळला त्याची चिठ्ठीच निघत नाही. ठाण्यात २०१७ साली चार-चार नगरसेवकांचे प्रभाग केले, म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचा एक प्रभाग. तेथे छोट्या संघटनेने आपल्या बळावर उभे राहणे म्हणजे पोहायला न शिकता खाडीत उतरणे.

हे गणित २०१५ साली आम्हाला माहीत नव्हते असे नाही. तरीही आपल्याच संस्थेचे दोन कार्यकर्ते एकाच प्रभागात उभे राहिले, एक एका गटाच्या तिकिटावर आणि दुसरा अपक्ष. वस्ती दुभंगली. दोघेही पडले. त्यानंतर अभ्यासिकेची किल्ली कोणाकडे राहावी यावर भांडण झाले आणि अभ्यासिकेला आठ महिने कुलूप राहिले. त्या वर्षी दहावीला बसलेली सात मुले होती. त्यातली आमची पुतणी शेजारच्या इमारतीच्या जिन्यात, दिव्याखाली बसून अभ्यास करायची. वॉचमनने उठवले की वरच्या मजल्यावर जायची.

यात आमचाही दोष आहे आणि तो येथे लिहिणे आवश्यक वाटते. त्या वेळी आम्ही संस्थेचे खजिनदार होतो. एका उमेदवाराच्या पत्रकांसाठी अभ्यासिका निधीतले चार हजार रुपये आम्ही ‘नंतर भरू’ म्हणून दिले. बँकेत दिवसाअखेर एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आम्ही उठत नाही, आणि येथे चार हजार रुपये कोणत्या खात्याला टाकावेत हे न ठरवता देऊन बसलो. ते पुढे आम्ही पगारातून भरले, त्याची पावती दप्तरात आहे. पण सर्वसाधारण सभेत एका भगिनीने विचारले, भाऊ, पैसे भरले, आठ महिने कोण भरणार? त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

नोव्हेंबर २०२० मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नाही, प्रशासकाचा कारभार. याच काळात आपल्या महिला बचत गटाने काम हाती घेतले. विहारामागचे गटार उघडे होते, पावसात एक मूल त्यात पडता पडता वाचले. गटाने एक वही घातली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघी-तिघींनी प्रभाग कार्यालयात जायचे, अर्जाची पोच घ्यायची, कोण काय बोलले ते तारखेसह वहीत लिहायचे. आधी त्यांना विचारले जायचे, तुमचे नगरसेवक कोण? त्या म्हणायच्या, नाहीत, आम्हीच आलोय. चौदा महिने लागले. गटारावर लाद्या बसल्या तेव्हा फित कापायला कोणीच नव्हते.

येथे आम्ही प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. गटाराची लादी वहीने बसते, वस्तीची पाण्याची मोठी जलवाहिनी वहीने येत नाही. तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि सभागृहात उठून बोलणारा माणूस लागतो. प्रशासकाच्या पाच वर्षांत तो विषय विचारायला कोणी नव्हते आणि पाइप इंचभरही पुढे सरकला नाही. म्हणून निवडणुकीच्या वाटेलाच जायचे नाही, असे म्हणणाऱ्या मित्रांशी आम्ही सहमत नाही. उमेदवार वहीतून निघावा, एवढेच आमचे म्हणणे. ज्याने पहिल्या सोमवारच्या फेऱ्या मारल्या आहेत त्यानेच उभे राहावे, आणि शेजारच्या तीन वस्त्यांनीही त्याला मान्य करावे. त्या तीन वस्त्यांत एक आगऱ्यांची आहे, एक उत्तर भारतीयांची. त्यांचेही पाणी त्याच वाहिनीवर आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेत तीन नियम झाले. अर्ज भरणाऱ्या पदाधिकाऱ्याने आधी पदाचा राजीनामा द्यायचा. विहाराचे ध्वनिक्षेपक, खोली आणि निधी प्रचाराला द्यायचा नाही. अभ्यासिकेची किल्ली बचत गटाकडे राहील. तिसऱ्या नियमावर दीड तास चर्चा झाली, दोन ज्येष्ठ सभासद उठून गेले, एक परत आले. गटारानंतर आता जलवाहिनीसाठी नवी वही घातली आहे. ती विहारात बुद्धमूर्तीच्या उजव्या हाताच्या कपाटात असते. आतापर्यंत तिच्यात अकरा पाने भरली आहेत, आणि शेजारच्या आगरी वस्तीतल्या दोघींची नावे नवव्या पानापासून दिसतात.